गावातल्या बायकांचं आरोग्य आणि उत्पन्न यांची पाहणी करून ग्रामसभेत मांडायची आहे. कशी करावी? (गोवा)

राज्याचा आकडा थेट गावाला लावू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ मध्ये गोव्यातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ३९ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. आधीच्या फेरीत तो ३१.३ टक्के होता. पण ही माहिती अख्ख्या राज्यातल्या साधारण २,००० स्त्रियांची. त्यावरून सत्तरी तालुक्यातल्या एका गावाचं चित्र निघत नाही.

प्रत्येक वाड्यावरच्या घरांची यादी करा आणि दर पाचवं घर घ्या. फक्त बचत गटातल्या बायकांना विचारलं, तर सर्वांत गरजू नेमक्या सुटतात. हिमोग्लोबिन स्वतः मोजू नका, शेवटच्या तपासणीचा कागद पाहून आकडा व तारीख लिहा. १२ ग्रॅम/डेसिलिटरपेक्षा कमी म्हणजे रक्तक्षय, गरोदरपणी ११ पेक्षा कमी.

उत्पन्न 'महिन्याला किती?' असं विचारलं की उत्तर चुकतंच, कारण काजूचा पैसा वर्षातल्या दोन-तीन महिन्यांतच येतो. बारा महिने एकेक करून विचारा.

मालमत्तेचा प्रश्न गोव्यात वेगळाच. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर इथल्या नागरी संहितेनुसार नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते. त्यामुळे 'घर कोणाच्या नावावर?' एवढं पुरत नाही. एक-चौदाच्या उताऱ्यावर (जमिनीच्या हक्काची सरकारी नोंद) तिचं नाव आहे का, आणि जमीन विकताना तिला व्यवहार समजावून मगच सही घेतली का, हे दोन्ही विचारा. खरी माहिती दुसऱ्या प्रश्नातून मिळते, आणि तो नवऱ्यासमोर विचारू नये.

ग्रामसभेत नावं नकोत. वाड्यावर पाचापेक्षा कमी बायका असतील तर तो आकडा शेजारच्या वाड्यात मिळवा, नाहीतर कोण ते लगेच ओळखू येतं. मागणी एकच ठेवा आणि सचिवांकडे आधीच लेखी देऊन पोच घ्या.