हर्बेरियममधल्या एकाच पानाचं परावर्तन पुन्हा मोजलं की आकडे का बदलतात?

तुमचा प्रश्न असा, की हर्बेरियमच्या, म्हणजे सुकवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाच्या, शीटवरच्या एकाच पानाचं परावर्तन (पानावरून परत येणारा प्रकाश) सकाळी एक येतं आणि दुपारी दुसरं, मग धरायचं कुठलं? मी सोलापुरात एका महाविद्यालयाच्या हर्बेरियममधले नमुने स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे प्रत्येक तरंगलांबीचा प्रकाश किती येतो ते दाखवणाऱ्या यंत्रावर, मोजते. यंत्रावर शंका घेण्याआधी पानाखाली काय आहे ते बघा.

सुकलेल्या पानातून बराच प्रकाश आरपार जातो, खालच्या पांढऱ्या कागदावरून परत वर येतो आणि आपण तो पानाच्या खात्यात जमा करतो. म्हणून खाली काळं काहीतरी सरकवायचं. मी सुरुवातीला काळं सुती कापड घेतलं. कापडाचं गाव आमचं, हाताशी तेच होतं. ७०० नॅनोमीटरच्या पुढे, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात, आलेख भलताच वर चढायचा. शेवटी पान बाजूला ठेवून नुसतं कापड मोजलं. डोळ्यांना काळंकुट्ट दिसणारं ते कापड अवरक्त प्रकाशात चक्क उजळ निघालं! कापडाचे बरेच काळे रंग दृश्य प्रकाश शोषतात, पण अवरक्त परतवतात. आता मी कार्बन ब्लॅकचा (काजळीसारख्या काळ्या पुडीचा) मॅट रंग दिलेला पुठ्ठा वापरते. तुमच्याकडचं काळं आधी नुसतं मोजा, मगच त्यावर विश्वास ठेवा. पान डिंकाने चिकटलेलं असेल तर ते उचकटू नका, दुसरं सुटं पान शोधा.

हॅलोजन दिवा लावल्यावर निदान अर्धा तास थांबा. मध्येच वीज गेली तर पुन्हा अर्धा तास. ज्या पांढऱ्या संदर्भ चकतीशी पानाची तुलना करतो तिची नोंद दर दहा-पंधरा मिनिटांनी घ्या आणि चकतीला बोट लावू नका. स्पेक्ट्रॅलॉन या पांढऱ्या प्लास्टिकची चकती मळलीच, तर वाहत्या पाण्याखाली २२० ते २४० नंबरच्या वॉटर पेपरने हलकी घासली की साफ होते.

प्रोब, म्हणजे पानावर टेकवायचं यंत्राचं टोक, न हलवता घेतलेल्या पाच नोंदी म्हणजे पाच मोजमापं नव्हेत. त्यातून फक्त यंत्राची स्थिरता कळते. प्रोब उचला, पुन्हा ठेवा, मधली शीर आणि डाग टाळा, मग दुसऱ्या पानावर जा. एका जागेवरचा फरक आणि पानापानांतला फरक वेगवेगळा लिहा. आणि प्रोब जास्त वेळ टेकवून ठेवू नका, दिव्याच्या उष्णतेने जुनं पान करपतं.

शिवाय हवा. मे महिन्यातलं आमचं कोरडं पान जुलैत ओल धरतं आणि पाणी प्रकाश शोषतं तिथली, १९४० नॅनोमीटरजवळची आलेखातली खळगी खोल होते. त्यामुळे तारखेबरोबर खोलीतली आर्द्रताही लिहून ठेवा.

गवताचं काय, हेही तुम्ही विचारलंय. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावरच्या कुसळी गवताचं पान प्रोबच्या १० मिलिमीटरच्या ठिपक्याला पुरतच नाही, बाजूचा कागद डोकावतो. शीटवरच्या पाकिटातली सुटी पाती शेजारी शेजारी, फट न ठेवता लावून मोजा. पण हातमोजे घालूनच, कारण जुन्या नमुन्यांना कीड लागू नये म्हणून मर्क्युरिक क्लोराइड लावायचे, आणि ते विष अजून पानावर असतं.