स्मार्ट बोर्ड, टॅब यांमुळे वर्गात मराठी साहित्य शिकवणं खरंच सुधारतं का? कोणतं ॲप घ्यावं?

ॲपचं शेवटी बोलतो. आधी 'सुधारतं का' ते बघू, कारण त्यावरून आमच्या पर्यवेक्षकांचं आणि माझं अजून वाजतं.

मी मुळशी तालुक्यात माध्यमिकला मराठी शिकवतो. स्मार्ट बोर्ड आला आणि फरमान निघालं, रोज एक व्हिडिओ झालाच पाहिजे. कवितेचा व्हिडिओ म्हणजे काय, तर मागं बासरी, पडद्यावर ढग आणि बातम्या दिल्यासारखं वाचन. पोरं ढिम्म.

ओवीच्या तासाला मी तो लावलाच नाही. 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, ग्रामीण भारताचा ऑनलाइन संग्रह) या संकेतस्थळावरच्या जात्यावरच्या ओव्या लावल्या. हेमा राईरकर आणि गी पॉयटवँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून जमवलेला १ लाखाहून जास्त ओव्यांचा हा ठेवा २०१७ पासून तिथं येतोय. त्यात आमच्या मुळशीतल्या बायकाही आहेत. सीतेच्या वनवासाची ओवी सुरू झाली आणि एरवी तोंड न उघडणारा एक पोरगा म्हणाला, "सर, आमची आजी असं नाही म्हणत. ती रामालाच बोल लावते." दुसऱ्या दिवशी आईच्या फोनवर आजीला घेऊन हजर. मागं कोंबडी ओरडतेय, आजी मध्येच खोकते, "थांब रं" म्हणते आणि विसरलेली ओळ पहिल्यापासून धरते. व्हॉइस टायपिंगनं उतरवायला गेलो तर फोननं आजीची निम्मी बोली पुसून पुस्तकी शब्द घातले. मग पोरांनी पुन्हा पुन्हा ऐकत, भांडत एकेक शब्द जागेवर आणला. आजीची खरी की संकेतस्थळावरची, यावर तास संपला. पाठभेद म्हणजे काय, हे मला वेगळं शिकवावंच लागलं नाही.

पर्यवेक्षक दारात उभे होते. म्हणाले, "परीक्षेत आजी येणार आहे का?" आजी नाही येणार, साहेब, पण रसग्रहण येतं. ते पोरं गाईड पाठ करून लिहितात आणि आपण मार्कही देतो.

हां, घरात एकच फोन असतो आणि तो बापाबरोबर कामावर जातो, म्हणून असला गृहपाठ सक्तीचा करू नका. आजीला विचारल्याशिवाय रेकॉर्डिंग ग्रुपवर टाकू नका. आणि कादंबरीच्या उताऱ्याला यातलं काही चालत नाही, तिथं पुस्तकच उघडावं लागतं.

ॲप म्हणाल तर फोनमधला रेकॉर्डर पुरे. पैसे घालायचेच असतील तर स्पीकरवर घाला. एका बोर्डाच्या पैशात सगळ्या वर्गांना चांगले स्पीकर येतात, हे मी शाळेला लेखी दिलंय. उत्तर अजून आलेलं नाही.