लिटररी जर्नालिझम शिकायला न्यूयॉर्क, आणि बाबांचं घर तारण?

प्रश्न थोडक्यात असा. वय 28, डोंबिवलीत आईबाबांसोबत राहता, लोअर परेलला कंटेंटची नोकरी, हातात 58 हजार. न्यूयॉर्कला लिटररी जर्नालिझमच्या, म्हणजे खऱ्या घटना-माणसांवर गोष्टीसारखं लिहिण्याच्या, दीड वर्षाच्या मास्टर्सला अॅडमिशन मिळालीय, एकूण खर्च 72 लाख. तुमची सेव्हिंग 11 लाख, बाबा पीएफमधून 11 देतायत आणि उरलेल्या 50 लाखांच्या लोनला राहतं घर तारण. लिहायचंय गिरणगावावर, कारण आजोबा गिरणीत होते.

आधी अभिनंदन, मनापासून. पण हे लोन घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे.

साडेदहा टक्के व्याज धरलं तर शिकताना आणि नंतरच्या सवलतीच्या काळात व्याज साठत जाऊन 50 चे साधारण 58 लाख होतील, आणि दहा वर्षांचा हप्ता 78 हजारांच्या आसपास बसेल, म्हणजे आजच्या पगारापेक्षा 20 हजार जास्त. तिथे राहून डॉलरमध्ये फेडू म्हणाल तर जर्नालिझमला ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर अमेरिकेत काम करायची परवानगी, 12 महिन्यांचीच मिळते, स्टेमवाल्यांसारखी (सायन्स-इंजिनिअरिंगवाल्यांसारखी) पुढची 24 महिन्यांची वाढ नाही, मग एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाची लॉटरी. त्यात लोन रुपयात मंजूर होतं आणि फी डॉलरमध्ये भरायची असते. 2015 च्या आसपास डॉलर 64-65 ला होता, 2025 च्या डिसेंबरमध्ये 90 पार गेला, त्यामुळे शेवटच्या सेमिस्टरला आज लिहिलेला आकडा पुरेलच असं नाही. व्याजावर टॅक्समध्ये वजावट मिळते हे खरंय पण ती जुन्या रेजीममध्येच, आणि 78 हजारांच्या हप्त्यापुढे ती काही वाचवणार नाही.

बाबांच्या पीएफला तर हातच लावू नका. तुम्ही पुन्हा कमवाल, त्यांची कमाई संपलीय.

आता मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते. अशा लिखाणात पैसा कशाला लागतो? एकाच माणसाकडे पुन्हा पुन्हा जाऊन बसायला, म्हणजे वेळेला. आणि तुमची माणसं लालबाग-परळला आहेत. गिरणी संप सुरू झाला 18 जानेवारी 1982 ला, तेव्हा पंचविशीत असलेला कामगार आज सत्तरीच्या आसपास आहे, कितीतरी जण गावी परत गेले, काही राहिले नाहीत. तुम्ही दीड वर्ष तिकडे आणि नंतर दहा वर्षं हप्त्यासाठी मिळेल त्या नोकरीत अडकलात तर त्यांच्याशी बोलणार कोण आणि कधी? हा तोटा कुठल्याही एक्सेल शीटमध्ये दिसत नाही पण मला तो सगळ्यात मोठा वाटतो.

म्हणून मी असं करेन. घरी राहून महिना 30 हजार धरले तर वर्षाचे 3 लाख 60 हजार, त्यात कोकणात-घाटावर फिरणं, चांगला रेकॉर्डर, हेल्थ इन्शुरन्स आणि एखादी वर्कशॉप मिळून 5 लाख. उरलेले 6 लाख एफडी आणि लिक्विड फंडात, त्यांना हात नाही. वर्षभर फक्त रिपोर्टिंग आणि लिखाण करा. दिवाळी अंकात दीर्घ रिपोर्ताजला जागा असते, मानधन मात्र बहुतेक ठिकाणी हजारांतच, त्यावर घर चालेल असं धरू नका.

आणि डिग्री हवीच असेल तर हवी, त्यात चूक काहीच नाही, चांगल्या एडिटरच्या हाताखाली शिकण्याची भूक मी समजू शकतो. मग पुढच्या वर्षी हेच लिखाण जोडून टीचिंग असिस्टंटशिप (शिकवण्याच्या कामाबदल्यात मदत) देणाऱ्या ठिकाणी अप्लाय करा, आयोवा युनिव्हर्सिटीचा नॉनफिक्शन लेखनाचा एमएफए हा मास्टर्स आहे, किंवा लो-रेसिडेन्सी, म्हणजे बहुतेक घरूनच करायचा, कोर्स बघा ज्यात न्यूयॉर्कचं भाडं वाचतं. मुंबईतच जे. एन. टाटा एंडोमेंटची लोन स्कॉलरशिप (परत फेडायची) आहे, तीही बघा. लोन 12-15 लाखांत बसलं तर हप्ता 16 ते 20 हजार, तेवढा या फील्डमधल्या पगारातून निघतो.

सीट कन्फर्म करायचं डिपॉझिट सहसा परत मिळत नाही, तेव्हा ते भरायच्या आधी युनिव्हर्सिटीला मेल करून एक वर्षाचं डेफरल, म्हणजे अॅडमिशन वर्षभर पुढे ढकलून, मिळतं का आणि स्कॉलरशिप वाढते का हे दोन्ही विचारा, उत्तर आलं की आकडे मला पाठवा, पुन्हा बसून हिशोब करू.