वकिलांचे ‘कामाचे विषय’ कसे पडताळावेत?

प्रश्न : वडिलोपार्जित शेतजमिनीच्या वाटपासाठी भावाविरुद्ध दावा लावायचा आहे. नातेवाइकांनी सुचवलेल्या वकिलांच्या संकेतस्थळावर सनदेचे वर्ष २००४ आणि कामाचे विषय ‘दिवाणी, फौजदारी, कौटुंबिक, महसूल’ असे दिले आहेत. एवढ्या विषयांत एकच वकील जाणकार असू शकतात का? खात्री कशी करावी?

उत्तर : सनद हा वकिलीचा परवाना आहे, एखाद्या विषयातील प्रावीण्याचा दाखला नव्हे. अधिवक्ता अधिनियम, १९६१ नुसार नोंदणी झालेले वकील वाटपाचा दावाही चालवू शकतात आणि जामिनाचा अर्जही. संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक, शिक्षण, कामाचे विषय एवढी माहिती देण्याची मुभा बार कौन्सिल ऑफ इंडियाने २००८ मध्ये दिली. मात्र विषयांची यादी वकील स्वतःच देतात, ती कोणी तपासून प्रमाणित केलेली नसते.

तरीही दिवाणी आणि महसूल हे दोन विषय एकत्र असणे तुमच्या बाबतीत मला जमेची बाजू वाटते, कारण हिस्से दिवाणी न्यायालय ठरवत असले तरी सारा आकारलेल्या जमिनीचे प्रत्यक्ष सरस-निरस (म्हणजे जमिनीचा कस पाहून) वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते, आणि हुकूमनामा हाती आल्यावरही मोजणी व फेरफार यांत अडकलेली कुटुंबे मी पाहिली आहेत.

ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर वकिलांच्या नावाने शोध घेतल्यास त्यांच्याकडील दाव्यांचे प्रकार दिसतात. नियमित दिवाणी दावे किती आहेत, ते पाहा.

खरी पारख मात्र पहिल्या भेटीत होते. सातबारा पाहून लगेच ‘दावा लावू’ म्हणणाऱ्यांपेक्षा कागदावर वंशावळ काढायला लावून ‘बहिणी किती? आत्यांची वारस-नोंद झाली का?’ असे विचारणारे वकील मी निवडेन. मुलगी जन्मतःच सहहिस्सेदार असते आणि त्यासाठी हिंदू उत्तराधिकार कायद्यातील दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, म्हणजे ९ सप्टेंबर २००५ रोजी, वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले आहे. तुम्ही प्रश्नात फक्त भावाचा उल्लेख केला आहे. बहीण असेल आणि तिला पक्षकार केले नाही, तर आवश्यक पक्षकार वगळल्याच्या कारणावरून दावा अडचणीत येईल.

फी आधी लेखी ठरवून घ्या. निकालावर अवलंबून असलेली फी किंवा मिळणाऱ्या जमिनीतला हिस्सा मागण्यास वकिलांना नियमांनी मनाई आहे; तशी मागणी झाली, तर वकीलपत्रावर सही करू नका.