यादीत जोडलेलं, घरात नाही

तुम्ही लिहिलंय: गाव सरकारी यादीत ब्रॉडबँडने ‘जोडलेलं’ आहे, प्रत्यक्षात लाइन एकाच इमारतीत आलीय, कार्यालय म्हणतं पुढच्या यादीत दुरुस्ती होईल, तर तोवर वर्गणी काढून संगणक केंद्र उभारावं का? वाचून पोटात गोळाच आला. आमचंही हेच झालं होतं.

फायबर बरं की वायरलेस, यावर इथे भरपूर चघळून झालंय, त्यात शिरत नाही. माझी एक चूक तेवढी सांगतो, कारण तुम्ही त्याच उंबरठ्यावर उभे दिसताय.

आमच्याकडेही एका इमारतीत लाइन आली, पाटी लागली, फोटो निघाले. तिथून शेवटचं घर दोन किलोमीटरवर. पण यादीत अख्ख्या गावापुढे ‘जोडलेले’, आणि अनुदान फक्त न जोडलेल्या गावांना. मी कार्यालयात गेलो. समोरचा माणूस उर्मट असता तर बरं झालं असतं, मी चिडून लेखी तक्रार तरी ठोकली असती. तो अतिशय सभ्य निघाला. नकाशा पाहिला, मान डोलावली, ‘चूक दिसतेय, पुढच्या यादीत होऊन जाईल’ म्हणाला. मी खूश होऊन परत आलो आणि गावात सांगून टाकलं की काम झालं. हरकती घ्यायची मुदत तेव्हा चालू होती. तशी नोटीस त्याच खोलीत भिंतीवर लावलेली होती, मी तिच्याकडे पाठ करून बसलो होतो! नवी यादी आली, गाव तसंच. पुन्हा गेलो, तर तोच सभ्य माणूस: ‘आवक रजिस्टरला तुमचं काही दिसत नाही.’ पुढची फेरी दोन वर्षांनी. घरून ड्रॉइंगची कामं करणारं आमच्यातलं एक जोडपं त्या दोन वर्षांत गाव सोडून गेलं. मोठ्या फाइली पाठवायला त्यांना रोज संध्याकाळी गाडी काढून बाहेर जावं लागायचं. लाइन आल्यावरही ते परतले नाहीत.

हे फक्त आपल्याच नशिबी असतं असं नाही. अमेरिकेत कित्येक वर्षं जनगणनेच्या एका गटात एका जागी जरी सेवा देता येत असली तरी तो सगळा गट सेवा असलेला धरला जायचा. तिथे २०२० साली कायदा झाला आणि २०२२च्या नोव्हेंबरमध्ये जागानिहाय नकाशा आला, ज्यावर कोणालाही हरकत घेता येते. म्हणजे यादी चुकीची असणं हा अपवाद समजू नका. ती कंपन्यांनी दिलेल्या माहितीवर बनते, आणि घरोघर जाऊन बघतो कोण?

तेव्हा लेखी हरकत, आणि पोच. पोचेवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक. (नियम जागोजागी वेगळे, मी वकील नाही, तुमच्याकडची पद्धत विचारून घ्या.) सोबत पुरावा घरनिहाय हवा. वेग मोजताना संगणक केबलने जोडा, नाहीतर ‘तुमचं वायफाय कच्चं आहे’ म्हणून कागद परत येतो. सकाळ, दुपार आणि रात्री नऊच्या गर्दीत, असं आठवडाभर मोजा. अपलोड वेगळा लिहा, घरून काम करणाऱ्याचं खरं दुखणं तिथेच असतं. कंपनीकडे जोडणी मागा आणि नकार लेखी घ्या, तो कागद सोन्यासारखा. ‘उपग्रहाची सेवा आहे ना’ असं कोणी म्हटलं तर कुठला उपग्रह ते विचारा. भूस्थिर, म्हणजे आकाशात एकाच जागी दिसणारा, उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर असतो, प्रश्न जाऊन उत्तर यायला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो. वेगाचा आकडा छान दिसतो, पण व्हिडिओवर दोघं एकमेकांच्या बोलण्यावर चढत राहतात. खालच्या कक्षेतल्या उपग्रहांना हे लागू नाही.

आता संगणक केंद्र. माझं स्पष्ट मत: नको. आमचं कुलूपबंद आहे, त्यामुळे माझं मत थोडं कडवट असेल, तेवढं वजा करून घ्या. इंटरनेट आलं की विकास आपोआप येतो असं सांगणारे केरळच्या मच्छीमारांचा दाखला देतात. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट जेन्सन यांचा तो अभ्यास २००७चा. मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्के वाढला, गिऱ्हाइकाला मासळी ४ टक्के स्वस्त मिळाली, हे खरं. पण ते साध्या मोबाइल फोनमुळे झालं, ब्रॉडबँडमुळे नाही. होड्या होत्या, मासळी होती, बंदरं होती. कुठल्या बंदरावर गिऱ्हाईक आहे एवढंच कळत नव्हतं. तुमच्या गावात असं काय आहे, जे फक्त जोडणीवाचून अडलंय? दहा घरांत जाऊन ‘उद्या लाइन आली तर परवा काय कराल’ विचारा. ज्यांच्याकडे उत्तर आहे त्यांच्या घरापर्यंत लाइन न्या. आणि वर्गणी जमलीच, तर अर्ज भरून देणारा, पासवर्ड विसरल्यावर न हसणारा एक माणूस अर्धवेळ ठेवा. पाच संगणकांपेक्षा त्याचा उपयोग जास्त.

कंपनी येतच नसेल तर स्वतः खणणारीही गावं आहेत. इंग्लंडात लँकेशायरच्या ग्रामीण भागात २०११पासून लोकांनी ‘बी-फोर-आर-एन’ ही स्वतःची ब्रॉडबँड संस्था उभी केली, शेतकऱ्यांनी शेतातून वाट दिली, गावकऱ्यांनी चर खणले. आम्हीही शेवटचा टप्पा असाच केला. फक्त फायबरची नळी कुठून गेली ते चर बुजवायच्या आधी लिहून ठेवा, पक्क्या खुणेपासून मोजून. एका वळणाची नोंद राहिली आणि नांगर नेमका तिथेच लागला, दोन दिवस माती उकरत होतो.

मोजमापाचा कोरा तक्ता हवा असेल तर सांगा, देतो. घरमालकाच्या सहीचा रकाना त्यात आहे, तो आम्हाला दुसऱ्या खेपेला सुचला.