१०डब्ल्यू३० भरलेल्या स्प्लेंडरमध्ये २०डब्ल्यू५० टाकलं तर ऑइल फाटतं का?

नाही फाटत. तुम्ही लिहिलंय की वडिलांची ११ वर्षं जुनी स्प्लेंडर आहे, ऑइल मोजायची काडी घातली तर ऑइल खालच्या खुणेलाही लागत नाहीये, गावातल्या दुकानात फक्त २०डब्ल्यू५० आहे आणि गॅरेजवाले म्हणाले की दोन ग्रेड मिसळले की दूध नासतं तसं ऑइल फाटतं, म्हणून शनिवारी तालुक्याला जाईपर्यंत तशीच चालवताय. कृपा करून तशी चालवू नका, हे सांगायलाच मी एवढं लिहायला बसलोय. ते २०डब्ल्यू५० घ्या आणि आजच टाका, डब्यावर फक्त एक गोष्ट बघून घ्या, ती खाली सांगतो.

माझ्या चुलत्यांनी अगदी हेच केलं होतं. त्यांचीही १०० सीसीचीच गाडी, सकाळ संध्याकाळ डेअरीला दूध घालायचं आणि मधे शेताच्या फेऱ्या. ग्रेड मिसळायचाच नाही हे कुणीतरी डोक्यात बसवलेलं, त्यामुळे ऑइल कमी झालंय हे माहीत असूनसुद्धा त्यांनी पंधरा एक दिवस तशीच पळवली. आधी हेडमधून, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागातून, बारीक टकटक यायला लागली, मग ती गरम झाल्यावर वाढायला लागली. हेड उघडलं तेव्हा मी तिथेच उभा होतो, कॅमशाफ्टच्या (व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा) उंचवट्यावर नख फिरवलं तर नख अडकत होतं इतके ओरखडे पडलेले आणि रॉकरचा जो भाग त्याच्यावर घासतो तो खरवडून निघालेला. ऑइल पंप असतो खाली, तिथून वरपर्यंत चढत चढत ऑइल हेडला सगळ्यात शेवटी पोचतं, म्हणून कमी पडलं की पहिला मार तिथेच बसतो. बाइकचं कुठलंही बरं ऑइल तेव्हा पाव लिटर टाकलं असतं तर ते कॅमशाफ्ट वाचलं असतं, मला आजही वाईट वाटतं त्याचं.

आता ग्रेडचं. डब्ल्यू म्हणजे विंटर, त्याच्या आधीचा आकडा थंडीतला आणि नंतरचा आकडा ऑइल १०० अंशाला तापल्यावर किती दाट राहतं त्याचा. २०डब्ल्यू ची थंडीतली कसोटी घेतात उणे १५ अंशाला, १०डब्ल्यू ची उणे २५ ला. आपल्याकडे निफाडला पारा अगदी खाली आला तरी तिथपर्यंत जायचा प्रश्नच नाही, त्यामुळे डब्ल्यूच्या आधीचा आकडा तुम्ही विसरा. उरला नंतरचा. ३० म्हणजे १०० अंशाला ९.३ ते १२.५ सेंटीस्टोक (हे दाटपणाचं माप), ४० म्हणजे १२.५ ते १६.३ आणि ५० म्हणजे १६.३ ते २१.९. समजा तुमचं आतलं ऑइल साडेदहाचं आहे आणि नवीन १८ चं, आत ७०० मिली आहे आणि तुम्ही २०० टाकलं, तर मिश्रण पावणेबाराच्या आसपास येतं, म्हणजे ते अजून ३० च्याच घरात आहे! (सरळ सरासरी काढली तर थोडी जास्त येते, मिसळल्यावर पातळ ऑइल जरा जास्त जोर दाखवतं.) निम्मं निम्मं केलं तरी फार तर ४० होईल. गाडी किंचित जड वाटेल, मायलेज थोडं कमी होईल, पण इंजिन जाणार नाही.

आणि फाटण्याची भीती तर सोडूनच द्या. एपीआयचा (ऑइलचा दर्जा ठरवणारी अमेरिकन संस्था) शिक्का असलेलं ऑइल दुसऱ्या ऑइलांमध्ये मिसळून, थंड गरम करून, वेगळं होत नाही ना हे बघायची चाचणीच असते. आपण जे सेमी सिंथेटिक पैसे मोजून आणतो ते तरी काय असतं, कारखान्यात मिसळलेलं मिनरल आणि सिंथेटिकच ना. खरोखर नीट न मिसळणारी ऑइलं म्हणजे एरंडेलापासून बनवलेली जुनी रेसिंगची, कॅस्ट्रॉल हे नावच मुळात कॅस्टर म्हणजे एरंडेलावरून आलंय, पण ती तुमच्या गावात मिळणार नाहीत. काडीला जे चहात दूध घातल्यासारखं पांढरट दिसतं ना, ते बघून लोक म्हणतात ऑइल फाटलं, ते पाण्यामुळे होतं. पावसाळ्यात जवळच्या जवळ फेऱ्या मारल्या, इंजिन पुरतं तापलंच नाही की आतली वाफ तिथेच जिरते. तसं दिसलं तर मात्र टॉप-अप नको, सगळं काढूनच टाका.

डब्यावर बघायची गोष्ट म्हणजे जासो एमए किंवा एमए२ (JASO MA, MA2, हा बाइकच्या ऑइलचा जपानी दर्जा) लिहिलंय का. हे ग्रेडपेक्षा महत्त्वाचं आहे आणि याच्याबद्दल कुणी बोलत नाही. बाइकचा क्लच इंजिनच्याच ऑइलात बुडालेला असतो. स्कूटरचा तसा नसतो म्हणून स्कूटरचं ऑइल एमबी असतं, जास्त निसरडं, आणि कारच्या पातळ ऑइलातही निसरडेपणा वाढवणारे पदार्थ असतात. मी एकदा घरात उरलेलं कारचं ऑइल बाइकला टाकलं होतं, आंबोली घाट चढताना ॲक्सिलरेटर पिळला की इंजिन नुसतं ओरडायचं आणि गाडी जागची हलायची नाही, क्लच प्लेटा घसरत होत्या. तेव्हा नुसतं १०डब्ल्यू३० मिळालं म्हणून स्कूटरचा डबा आणू नका, त्याच्यापेक्षा २०डब्ल्यू५० एमए कधीही चांगलं. पल्सरसारख्या गाड्यांना ते चालतं म्हणून खेड्यातही सापडतं. टू स्ट्रोकचं ऑइल तर अजिबात नको.

टाकताना गाडी मधल्या स्टँडवर, सपाट जागेवर. दोन तीन मिनिटं चालू ठेवून बंद करा, पुन्हा तेवढंच थांबा, काडी पुसा आणि आटे न फिरवता नुसती टेकवून बघा, आटे फिरवून बघितलं की ऑइल आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. थोडं थोडं टाका, वरच्या खुणेच्या पुढे नको. शनिवारी १०डब्ल्यू३० आणाल तेव्हा ड्रेन नट खोलून सगळं एकदम बदलून टाका, मधले चार दिवस हे मिश्रण निवांत चालेल.

पण ऑइल गेलं कुठे हे शोधायलाच हवं. ड्रेन नटाखाली पुठ्ठा ठेवून रात्रभर बघा. डाग नसेल तर गाडी ऑइल पितेय, सकाळी पहिल्या किकला निळा धूर येऊन थांबत असेल तर बहुतेक व्हॉल्व्ह सील, त्याचा खर्च त्यामानाने थोडा असतो. पिळल्यावर सतत निळा धूर असेल तर रिंगा किंवा बोर. टाकल्यावर किलोमीटर लिहून ठेवा, ३०० झाले की परत काडी बघा आणि किती उतरलं ते इथे कळवा, मग पुढचं सांगतो.