क्रूझवर काय खावे, कुठे खावे

आपण चौघे पहिल्यांदाच क्रूझवर निघाला आहात, त्यांतले दोघे शाकाहारी आहेत, आणि जहाजावरचे कोणते पदार्थ व कोणती रेस्टॉरंट चुकवू नयेत, शिवाय वेगळे पैसे घेणाऱ्या रेस्टॉरंटमध्ये जाण्यात अर्थ आहे का, असे आपण विचारले आहे. जहाज कोणते ते आपण लिहिलेले नाही, त्यामुळे आधी सर्वच जहाजांना लागू पडेल असे सांगतो आणि मग काही जहाजांची नावे घेतो. मी मूळचा वेंगुर्ल्याचा. तेरा वर्षे प्रवासी बोटींच्या गॅलीत, म्हणजे जहाजावरच्या स्वयंपाकघरात, काम केले आणि नोकरी सोडल्यानंतर पत्नीबरोबर तीनदा प्रवासी म्हणून गेलो. त्यामुळे जेवण वाढणाऱ्यांची आणि जेवणाऱ्यांची, अशा दोन्ही बाजू मला ठाऊक आहेत.

सर्वांत आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी, कारण पुढचे सारे तिच्यावर अवलंबून आहे. समुद्रात आगीइतके दुसऱ्या कशाचेही भय नसते, म्हणून बहुतेक प्रवासी जहाजांच्या गॅलीत गॅसची ज्योत नसतेच. सगळा स्वयंपाक विजेच्या शेगड्यांवर, मोठमोठ्या ओव्हनमध्ये आणि वाफेच्या भांड्यांत होतो. बोट हलली तरी पातेली घसरू नयेत म्हणून शेगड्यांभोवती लोखंडी कठडे असतात आणि रस्सा, सूप कधीही काठोकाठ भरत नाहीत. अशा स्वयंपाकघराला ओव्हनमधले, मंद शिजणारे आणि वाफेवरचे पदार्थ अतिशय उत्तम जमतात. पण ज्या पदार्थाचा जीव मोठ्या आचेत असतो, तो तिथे कितीही कुशल हातांनी केला तरी उणाच राहतो. फुलका, भाकरी, कढईत भडक आचेवर परतलेल्या चिनी भाज्या आणि नूडल्स यांची चव मला जहाजावर मनासारखी क्वचितच मिळाली. म्हणून मेनू हातात आला की पदार्थ कोणत्या देशाचा आहे हे पाहण्यापेक्षा तो ओव्हनमधून येणार आहे की आचेवरून, हे पाहावे.

या दृष्टीने पहिला मान मी पावाला देईन. प्रवासी झोपलेले असतात तेव्हा, रात्री दोनच्या सुमारास, बेकरी पूर्ण जोमात असते आणि रोजचा बहुतेक पाव तिथेच ताजा भाजला जातो. आमच्या बोटीवरचा मुख्य बेकर गोव्यातल्या साष्टीचा, पिढ्यान्‌पिढ्या पोदेराचे काम केलेल्या घरातला होता. बोट विषुववृत्ताकडे सरकू लागली आणि हवा दमट झाली की तो पिठात घालायचे पाणी कोणत्याही मापाशिवाय, नुसत्या हाताच्या अंदाजाने कमी करी. मग फुगलेल्या पिठावर बोटाच्या मागच्या बाजूने हलके दाबून पाही. खळगा सावकाश भरून आला तरच तो ट्रे ओव्हनमध्ये जाई, लगेच उसळून आला तर थांबावे लागे. रात्रीच्या जेवणात टेबलावर येणारी पावाची टोपली लोक बोलता बोलता संपवतात आणि तिच्याकडे पाहतही नाहीत, याचे मला नेहमी वाईट वाटे. सकाळी लवकर उठत असाल तर बुफे उघडताक्षणी जाऊन गरम क्रोसाँ आणि साधा कडक पाव घ्यावा. नऊनंतर तोच पाव अगदीच वेगळा लागतो.

जेवणाच्या मुख्य जागा दोन असतात आणि दोन्ही भाड्यातच धरलेल्या असतात. एक म्हणजे मुख्य डायनिंग रूम, जिथे टेबलावर बसून मेनूतून मागवायचे, आणि दुसरी बुफे. पहिल्यांदा जाणारे बहुतेक लोक सवयीने बुफेत जातात. माझे म्हणणे असे की रात्रीचे जेवण शक्यतो डायनिंग रूममध्येच घ्यावे. तिथला पदार्थ शिजवून फार काळ ठेवलेला नसतो, एका वेळी वाढलेला भाग लहान असतो, आणि बहुतेक जहाजांवर एका माणसाने दोन सुरुवातीचे पदार्थ किंवा दोन गोड पदार्थ मागवले तरी वेगळे पैसे लागत नाहीत. आधी कधी न खाल्लेले गोगलगाईचे पदार्थ किंवा गार फळांचे सूप चाखून पाहायचे असेल तर यापेक्षा चांगली जागा नाही, कारण आवडले नाही तर वेटर दुसरे काहीतरी आणून देतो. फ्रेंच कांद्याचे सूप अवश्य घ्यावे. कांदा तासन्‌तास मंद शिजवणे आणि वर चीज घालून ओव्हनमध्ये भाजणे, ही दोन्ही कामे जहाजाला मनापासून जमतात. मात्र या सूपचा पाया बहुधा गोमांसाच्या हाडांचा असतो, तेव्हा शाकाहाऱ्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नये. त्यांच्यासाठी ओव्हनमधले इटालियन पद्धतीचे वांगे आणि भाज्यांचा लाझान्या, म्हणजे थर लावून भाजलेला पास्ता, हमखास चांगले असतात. मांसाहाऱ्यांनी औपचारिक पोशाखाच्या रात्रीचा मेनू चुकवू नये, कारण स्वयंपाकी आपले सर्वांत चांगले मांस आणि सर्वांत जास्त मेहनत त्याच रात्रीसाठी राखून ठेवतात.

गोडात जहाजांचा हात धरणारे कोणी नाही. कार्निव्हल कंपनीच्या बोटीने जाणार असाल तर डायनिंग रूममधला गरम चॉकलेटचा केक घ्यावा. लहान वाटीत भाजलेला, वर पातळ कवच आणि आत वाहते चॉकलेट, शेजारी व्हॅनिला आइसक्रीम. तो गरम असतानाच खायचा असतो, त्यामुळे गप्पा त्याच्या आधी किंवा नंतर कराव्यात. दुसरा बेक्ड अलास्का. आइसक्रीमवर अंड्याच्या पांढऱ्याचा फेस चढवून तो वरून भाजतात आणि आतले आइसक्रीम गारच राहते. पूर्वी वेटर तो पेटवून मिरवणुकीने आणत. आता आगीच्या नियमांमुळे बऱ्याच जहाजांवर ज्वाळांऐवजी दिवे असतात, पण पदार्थ तितकाच सुंदर असतो. अंडे न खाणाऱ्यांनी मात्र या दोन्हींपासून दूर राहावे आणि आधी सांगून ठेवले तर वेगळे गोड मिळते.

बुफे वाईट नसतो, फक्त तिथे काय उचलावे हे कळायला हवे. अमेरिकी बंदरांना जाणाऱ्या जहाजांची तिथले सरकारी आरोग्य खाते अचानक तपासणी करते, शंभरपैकी गुण देते, आणि ८५ किंवा त्याहून कमी मिळाले तर जहाज नापास ठरते. त्या नियमांप्रमाणे गरम पदार्थ ५७ अंश सेल्सिअसच्या वर आणि थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली ठेवावे लागतात, आणि ज्या पदार्थाचे तापमान असे राखता येत नाही तो चार तासांनी टाकून द्यावा लागतो. म्हणजे अन्न सुरक्षित असते, पण गरम ट्रेमध्ये तासभर राहिलेला तळलेला पदार्थ मऊ पडतो, मासा कोरडा होतो आणि भात चिवट होतो. याउलट डाळ, राजमा, छोले, रस्सेदार भाजी असे पदार्थ त्याच ट्रेमध्ये मुरून अधिक चांगले लागतात. बऱ्याच मोठ्या जहाजांच्या बुफेत आता भारतीय पदार्थांचा एक कोपरा असतो. तिथली डाळ घ्यावी, भजी सोडून द्यावीत. ऑम्लेट, पास्ता आणि भाजलेल्या मांसाचे काप समोर करून देणारे काउंटर कधीही उत्तम. बुफेत शिरताना हात साबणाने धुवावेत. जहाजावर पसरणाऱ्या पोटाच्या विषाणूवर नुसत्या सॅनिटायझरचा फारसा उपयोग होत नाही.

माशांबद्दल कोकणी माणूस म्हणून प्रामाणिकपणे सांगतो की, जहाजावर आपल्या चवीचा ताजा मासा शोधू नये. मासळीचा बहुतेक साठा गोठवलेला असतो आणि प्रवास सुरू होण्याआधीच भरला जातो. सामन, कॉड, कोळंबी हे गोठवणे सहन करणारे प्रकार चांगले होतात. मधल्या एखाद्या बंदरात ताजी मासळी घेतली आहे का, असे डायनिंग रूमच्या हेड वेटरला विचारावे. घेतली असेल तर तो आनंदाने सांगतो.

आता पैसे देऊन जाण्याच्या रेस्टॉरंटबद्दल. एखाद्याच रात्री जावे, आणि तेही ज्यांच्यासाठी जातो त्यांना तिथे खरोखर काही आहे हे पाहून. मांसाहारी असाल तर स्टेकहाउस पैसे वसूल करून देते, कारण मांसाचा दर्जा डायनिंग रूमपेक्षा स्पष्टपणे वरचा असतो. रॉयल कॅरिबियनच्या बोटींवरचे चॉप्स ग्रिल आणि प्रिन्सेसच्या बोटींवरचे क्राउन ग्रिल ही या प्रकारची दोन जुनी नावे आहेत. मुले बरोबर असतील तर तापलेल्या लोखंडी पत्र्यावर समोर करून देणारे जपानी टेबल त्यांना फार आवडते. शाकाहाऱ्यांनी मात्र आरक्षणाआधी मेनू पूर्ण वाचावा. एका मोठ्या परदेशी जहाजावर मी हौसेने माशांच्या रेस्टॉरंटचे दोघांचे पैसे भरले. माझी पत्नी देशावरची आणि शाकाहारी. तिच्या जेवणाचे पाहून घेऊ असे आरक्षण करणारा म्हणाला होता, आणि प्रत्यक्षात तिच्यापुढे उकडलेल्या गाजर-ब्रोकोलीची बशी आली. डायनिंग रूममध्ये त्याच रात्री तिच्यासाठी तीन पदार्थ होते. तेव्हापासून आम्ही आधी विचारतो आणि मगच आरक्षण करतो. बऱ्याच जहाजांवर पहिल्या रात्री या रेस्टॉरंटमध्ये सवलत असते, कारण नवे प्रवासी त्या दिवशी बुफेतच जातात. बिलात सेवाशुल्क वेगळे लागते का, तेही पाहून घ्यावे.

पैसे न घेणाऱ्या लहान जागांकडे लोकांचे दुर्लक्ष होते, आणि माझ्या आवडीच्या बहुतेक जागा त्यांतच आहेत. प्रिन्सेसच्या अनेक बोटींवर अल्फ्रेडोज नावाचे बसून पिझ्झा खाण्याचे ठिकाण आहे. पूर्वी तिथे वेगळे पैसे लागत नसत, आता मात्र लागतात. पिझ्झा तर ओव्हनचाच पदार्थ, त्यामुळे शाकाहारी माणसाला यापेक्षा निर्धास्त जेवण नाही. ‘क्वीन मेरी २’ या २००४ पासून अटलांटिक ओलांडणाऱ्या जहाजाने कधी गेलात तर क्वीन्स रूममधला दुपारचा चहा घ्यावा. पांढरे हातमोजे घातलेले वेटर चांदीच्या भांड्यांतून चहा, काकडीची छोटी सँडविचे आणि गरम स्कोन आणतात. त्याच जहाजावरच्या गोल्डन लायन पबमधले फिश अँड चिप्स मला डायनिंग रूममधल्या कोणत्याही माशापेक्षा आवडतात.

भारतीय जेवणाच्या बाबतीत पी अँड ओ कंपनीच्या ‘अझुरा’चा उल्लेख करायला हवा. २०१० साली या जहाजाबरोबर अतुल कोचर यांचे ‘सिंधू’ हे रेस्टॉरंट सुरू झाले. २००१ साली मिशलिन तारा, म्हणजे उत्तम रेस्टॉरंटना मिळणारा जगप्रसिद्ध मान, मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय शेफपैकी ते एक. या कंपनीच्या बोटींवर गोव्यातले तारवटी, म्हणजे खलाशी, पिढ्यान्‌पिढ्या काम करत आले आहेत, आणि ब्रिटिश प्रवासी करी आवडीने खातात, त्यामुळे तिथे आपले मसाले कोपऱ्यात पडलेले नसतात. मुंबईहून निघणाऱ्या कॉर्डेलिया कंपनीच्या ‘एम्प्रेस’ या जहाजावर परिस्थिती आणखी सोपी आहे. १९९० साली बांधलेले आणि २०२१ पासून आपल्या किनाऱ्यावर फिरणारे हे जहाज भारतीय प्रवाशांसाठीच चालते, जैन जेवणाचीही सोय असते. स्टारलाइट हे बसून जेवण्याचे रेस्टॉरंट आणि फूड कोर्ट भाड्यात धरलेले आहेत. चॉपस्टिक्समध्ये वेगळे पैसे लागतात. आम्ही स्टारलाइटमध्येच रमलो. पत्नीला काहीही विचारावे न लागता पोटभर जेवता आले, हे तिला सर्वांत आवडले.

परदेशी जहाजाने जात असाल तर शाकाहारी किंवा जैन जेवणाची नोंद तिकीट काढतानाच करावी आणि पहिल्या संध्याकाळी डायनिंग रूमच्या हेड वेटरला पुन्हा सांगावे. तो रात्रीच दुसऱ्या दिवसाचा मेनू दाखवतो आणि एक दिवस आधी सांगितले तर गॅली भाजी, डाळ, भात वेगळा करून देते. आयत्या वेळी सांगितले तर शेकडो ताटे एकाच वेळी बाहेर पडत असताना कोणालाही ते जमत नाही. आमच्या बोटीवर सांगलीच्या एक वृद्ध बाई होत्या. चौथ्या दिवशी त्यांनी हेड वेटरजवळ फुलक्याची इच्छा बोलून दाखवली. दुपारी गॅली शांत झाल्यावर मी कणीक मळली, सपाट तापलेल्या पत्र्यावर पोळी टाकली आणि ज्योत नसल्यामुळे स्वच्छ फडक्याने कडेकडेने दाबत राहिलो, तेव्हा कुठे ती फुगली. असे चार फुलके त्यांच्याकडे पाठवले. बाईंनी वेटरबरोबर निरोप पाठवला की, एक जरा कच्चा होता, पण बाकीचे घरच्यासारखे होते, आणि उद्या जमले तर दोनच पाठवावेत. प्रवास संपेपर्यंत रोज दुपारी तीनच्या सुमारास मी ते दोन फुलके केले. तेव्हा आपल्यालाही घरची आठवण झाली तर संकोच न करता सांगावे, फक्त वेळ दुपारची, कामाची गर्दी ओसरल्यानंतरची निवडावी. डायनिंग रूममध्ये गोव्याचे किंवा मुंबईचे कोणी ना कोणी बहुधा भेटतेच, आणि त्याच्याशी मराठीत किंवा हिंदीत बोललात तर निरोप गॅलीपर्यंत नीट पोहोचतो.